फडापासून सौरपंपापर्यंत : नाशिक जिल्ह्यातील सिंचन, ऊर्जा आणि सामूहिक नियमन

प्रस्तावना

शेतीला पाणी देणे ही जशी पाण्याची बाब आहे, तशीच ती ऊर्जेचीही बाब आहे. पाणी जेथे आहे तेथून ते पिकाच्या मुळाशी नेण्यासाठी काही तरी शक्ती खर्चावी लागते. ती शक्ती नदीच्या उताराची असेल, बैलाची असेल, डिझेलची असेल, विजेची असेल किंवा सूर्यप्रकाशाची असेल. सिंचनाच्या इतिहासलेखनात धरणे, कालवे व पीकपद्धती यांचा विचार पुष्कळ झाला आहे. मात्र पाणी हलविणारी शक्ती बदलली की पाण्यावरील हक्क व बंधने कशी बदलतात, या अंगाने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

या अभ्यासासाठी नाशिक जिल्हा विशेष उपयुक्त आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात मोसम व आरम या नद्यांवर शतकानुशतके चाललेली फड पद्धती आहे. दक्षिणेकडे गोदावरीच्या खोऱ्यात वसाहतकाळातील व स्वातंत्र्योत्तर काळातील धरणे आहेत. दिंडोरी तालुक्यात पाणीवापर संस्थांचा वाघाडचा प्रयोग झाला. एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि अलीकडच्या वर्षांत शेताशेतांत सौरपंप बसू लागले आहेत. ही सारी स्थित्यंतरे एका क्रमाने मांडून, स्वच्छ ऊर्जेच्या आजच्या प्रश्नावर इतिहासाचा काय प्रकाश पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फड पद्धती : उताराच्या शक्तीवरील सिंचन

पांझरा, मोसम व आरम या तापी खोऱ्यातील नद्या होत. आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत त्यांच्या काठी फड पद्धती विकसित झाली. ती सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वीची असावी, असे मानले जाते. या पद्धतीचा आरंभ नदीवरील बंधाऱ्यापासून होतो. हा बंधारा पाणी साठविण्यासाठी नसून वळविण्यासाठी असतो. बंधाऱ्यालगत काढलेला कालवा नदीपेक्षा कमी उतार राखत काठाकाठाने पुढे जातो, त्यामुळे काही अंतरावर तो शेतांपेक्षा उंच राहतो. तेथून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग व सारंगांतून शेत असा पाण्याचा प्रवास होतो. जादा पाणी सांडमांवाटे बाहेर काढले जाते. अशा कालव्यांची लांबी सर्वसाधारणपणे २ ते १२ किलोमीटर आढळते. या संपूर्ण रचनेत पाणी उचलण्याचा प्रसंग कोठेही येत नाही. एकदा बंधारा व कालवा झाला की पाणी पोहोचविण्यासाठी इंधन लागत नाही.

भिजणाऱ्या क्षेत्राचे साधारणतः चार भाग पाडले जात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फडाचे क्षेत्र १० हेक्टरपासून २०० हेक्टरपर्यंत असू शकते. कोणत्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे व कोणता फड पडीक ठेवायचा, याचा निर्णय गाव मिळून घेत असे. एका फडात एकच पीक असा दंडक होता. एखाद-दुसऱ्या फडात ऊस व बाकीच्या फडांत इतर हंगामी पिके, आणि पुढील वर्षी त्यांची अदलाबदल, असा क्रम चाले. यामुळे जमिनीचा कस टिकत असे, तसेच ती पाणथळ व क्षारपड होण्याचा धोकाही कमी होई. सर्वसाधारणपणे प्रत्येक खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. म्हणून एखादा फड पडीक राहिला तरी त्याचा भार एकाच कुटुंबावर पडत नसे.

व्यवस्थापनासाठी पंचांची समिती व तिच्या हाताखाली सेवक असत. कालव्यातून चाऱ्यांत पाणी सोडणारा पाटकरी, प्रत्यक्ष शेत भिजविणारा बारेकरी, पिकांची राखण करणारा जागल्या आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार अशी ही उतरंड होती. त्यांचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपात दिला जाई. शेताचे दार उघडण्याचा अधिकार शेतमालकाला नव्हता, ही या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण बाब होय. पाणी देणारा आणि पाणी घेणारा यांच्यात अंतर ठेवल्यामुळे आपल्या शेतात थोडे अधिक पाणी वळविण्याच्या मोहाला आळा बसे. हंगामापूर्वी कालव्यातील गाळ काढण्यासाठी प्रत्येक खातेदाराला श्रमाचा वाटा द्यावा लागे.

हे नियम इतके तपशीलवार का झाले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे एक उत्तर ऊर्जेच्या स्वरूपात सापडते. गुरुत्वाकर्षणाने येणाऱ्या पाण्याचा आणखी एक हिस्सा घेण्यासाठी शेतकऱ्याला जादा श्रम अथवा जादा खर्च करावा लागत नाही. म्हणून हाव रोखण्याची जी कामगिरी अन्यत्र खर्च करतो, ती येथे नियमाला करावी लागली. पाणी आणण्याची शक्ती फुकट होती, आणि म्हणूनच पाण्याची शिस्त कडक होती.

या पद्धतीचे आदर्शीकरण मात्र टाळले पाहिजे. फडाचे लाभ जमीनधारकांपुरते होते. भूमिहीनाचा संबंध पाटकरी वा जागल्या म्हणून मिळणाऱ्या मोबदल्यापुरताच येई. पंचमंडळात स्त्रियांना स्थान नव्हते आणि गावातील जातिव्यवस्थेपासून ही रचना अलिप्त असणे शक्य नव्हते. तिचे मूल्य समतेच्या आदर्शात नसून मर्यादित साधनाचा वापर वाटून घेण्याच्या तंत्रात आहे.

वसाहतकाळ : बंधाऱ्याकडून खात्याकडे

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर हा प्रदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. १८६९ मध्ये स्वतंत्र नाशिक जिल्हा निर्माण झाला व बागलाण, मालेगाव हा खानदेशातील भाग त्याला जोडला गेला. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाने कालव्यांच्या पाण्यावरील शासकीय नियंत्रणाला कायद्याची चौकट मिळाली. फडांचे अंतर्गत व्यवस्थापन गावाकडे राहिले. मात्र पाण्याचा अंतिम स्वामी कोण, या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलत गेले.

याच काळात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा या प्रदेशाशी संबंध आला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांची पहिली नेमणूक नाशिक येथे झाली. पुढे पांझरेच्या खोऱ्यात नळाच्या साहाय्याने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी केले. विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यासाठी त्यांनी मांडलेल्या 'ब्लॉक पद्धती'त भिजणाऱ्या क्षेत्राचे गट पाडणे व त्यांत पिकांची फेरपालट करणे ही तत्त्वे होती. फड पद्धतीशी असलेले तिचे साम्य उघड आहे. तथापि, दोहोंतील भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. फडात गटाची शिस्त गाव ठरवीत होते, ब्लॉक पद्धतीत ती खाते ठरवू लागले.

दारणा धरण व नांदूर मध्यमेश्वर येथील बंधारा यांवर आधारलेले गोदावरी कालवे याच दृष्टीचे फलित होत. १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या दारणा धरणामुळे सिंचनाचे क्षेत्र वाढले. परंतु येथे शेतकरी हा खात्याचा अर्जदार व पाणीपट्टी भरणारा झाला, पाण्याच्या व्यवस्थापनातील भागीदार राहिला नाही. उत्तरेकडे मोसम व आरम यांच्या वरच्या अंगाला स्वातंत्र्यानंतर हरणबारी व केळझर ही धरणे झाली, तेव्हा खालच्या बंधाऱ्यांचे पाणीही नदीच्या स्वाभाविक प्रवाहाऐवजी धरणाच्या आवर्तनावर अवलंबून राहू लागले.

मोटेकडून पंपाकडे

जेथे कालवा नव्हता तेथे विहीर होती व विहिरीवर मोट होती. मोटेच्या सिंचनाला नियमांची आवश्यकता भासली नाही, कारण तिची मर्यादा तिच्या शक्तीतच होती. चामड्याची मोट, नाडा व सोंदूर, धावेवर मागेपुढे जाणारी बैलजोडी आणि पहाटेपासून राबणारा मोटकरी एवढ्या साधनांनी दिवसभरात फार थोडे क्षेत्र भिजत असे. विहीर खोल गेली की बैल थकत व वैरणीचा खर्च वाढे. भूजलाचे संरक्षण कोणाच्या हेतूत नव्हते, तरी ते आपोआप होत होते.

ही मर्यादा प्रथम यंत्राने ओलांडली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात १९२० च्या दशकात पंप तयार होऊ लागले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तेलावर चालणारी देशी इंजिने बाजारात आली. इंजिनाने बैलाचे श्रम वाचविले. मात्र तेलाचा खर्च प्रत्येक तासाला मोजावा लागत असल्यामुळे पाण्याची किंमत शेतकऱ्याच्या नजरेसमोर राहिली.

खरा बदल विजेने घडविला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या अर्थसाहाय्याने शेतीपंपांची जोडणी वेगाने वाढली. १९७० च्या दशकाच्या आरंभी नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक केंद्र सुरू झाले. रेल्वेने दुरून येणारा कोळसा व गोदावरीचे पाणी यांवर ते चालते. म्हणजे विहिरीचे पाणी वर आणण्यासाठी लागणाऱ्या विजेच्या निर्मितीतही नदीचे पाणी खर्ची पडत होते.

१९७० च्या दशकापासून शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी लागू झाली. मीटरवाचन व वसुली यांचा खर्च वाचावा, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता. परंतु या निर्णयाचा एक दूरगामी परिणाम झाला. पंप एक तास चालला काय आणि दहा तास चालला काय, देयक तेवढेच राहिले. मोटेतील श्रमाची व इंजिनातील तेलाची मर्यादा नाहीशी झाली, आणि फडातील नियमाची मर्यादा विहिरीला कधी नव्हतीच. विहिरी खोल गेल्या, नंतर आडवी-उभी बोअर आली व शेजाऱ्याच्या विंधन विहिरीपेक्षा आपली अधिक खोल नेण्याची चढाओढ सुरू झाली. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी साठविण्याची क्षमता मुळात अल्प असल्याने या चढाओढीत अखेरीस कोणाचाच लाभ झाला नाही.

फड पद्धतीवरही याचा आघात झाला. फडातील शेतकऱ्याकडे स्वतःची विहीर व पंप आल्यावर 'एका फडात एकच पीक' हा दंडक पाळण्याचे कारण उरले नाही. १९३३ मध्ये रावळगाव येथे साखर कारखाना सुरू झाल्यापासून या परिसरात उसाला खात्रीची बाजारपेठ होती. पुढे डाळिंब, कांदा व द्राक्ष यांनी वैयक्तिक पीकनिवडीला अधिकच बळ दिले. काही गावांत फड टिकून राहिले, परंतु त्यांची घडी सैल झाली.

भारनियमन व वाघाडचा प्रयोग

जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती व महापारेषण या कंपन्या अस्तित्वात आल्या. तत्पूर्वी २००४ मध्ये शेतीपंपांना मोफत विजेची घोषणा झाली होती, ती २००५ मध्ये मागे घेण्यात आली. त्यानंतरची काही वर्षे तीव्र भारनियमनाची होती. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत शेतकऱ्याने शेतावर जागरण करणे नित्याचे झाले. याच काळात महावितरणच्या अक्षय प्रकाश योजनेत अनेक गावांनी सायंकाळी शेतीपंप बंद ठेवण्याचे सामूहिक बंधन स्वीकारले व त्या बदल्यात घरांना दिव्यापुरती वीज मिळविली. शेजाऱ्याने पंप लावला तर साऱ्या गावाचा प्रकाश जातो, हे दिसत असल्यामुळे हे बंधन पाळले जाई. ऊर्जेच्या टंचाईने गावाला पुन्हा नियम करण्यास प्रवृत्त केले, असे याचे वर्णन करता येईल.

नियमाची ही परंपरा अधिक स्थिर स्वरूपात वाघाड येथे दिसते. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पाचे पाणी कालव्याच्या शेपटाकडील ओझर परिसरात पुरेसे पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून बापूसाहेब उपाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे शेतकऱ्यांना संघटित केले. १९९० च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने शासनाकडून पाणी मोजून घ्यावे, घनमापन पद्धतीने त्याची पट्टी भरावी आणि आतील वाटप सभासदांनी ठरवावे, असे सूत्र होते. पुढे प्रकल्पाचे संपूर्ण लाभक्षेत्र अशा संस्थांकडे आले. २००५ च्या 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमा'ला या अनुभवाची पार्श्वभूमी होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वाघाडचे वैशिष्ट्य आणखी एका गोष्टीत आहे. ओझर येथील संस्थांनी आपल्या वाट्याचे काही पाणी ओढ्या-नाल्यांवरील लहान बंधाऱ्यांत सोडून विहिरींचे पुनर्भरण केले. या पाण्याचा लाभ घेणाऱ्या विहीरधारकांकडूनही पाणीपट्टी घेतली. विहीर माझी, तरी तिच्यातील पाणी संस्थेचे, हा विचार शेतकऱ्यांनी मान्य केला. फडातील सामूहिक शिस्त अशा रीतीने प्रथमच भूजलापर्यंत पोहोचली. ठिबक सिंचनावरील द्राक्षबागांनी समृद्ध झालेल्या या पट्ट्यात ती पोहोचावी, ही बाब लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात अन्यत्रही पंप व नियम यांची सांगड घालण्याचे प्रयत्न झाले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने सामूहिक उपसा सिंचनात पाण्याचा हक्क जमिनीवरून न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून ठरविला व उसाला मनाई केली. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा देऊन तिने फड पद्धतीतील मोठा दोष दूर केला.

सौरपंप : जुना प्रश्न, नवे साधन

२०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना सुरू झाली. २०२३ मध्ये वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा व २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. सौरपंपासाठी सर्वसाधारण प्रवर्गातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती व त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्ती असे प्रमाण ठरविण्यात आले. २०२४ मध्येच साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याचा निर्णयही झाला.

या धोरणाचे लाभ निर्विवाद आहेत. कोळशाचा व डिझेलचा वापर घटतो. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते, आणि रात्रीच्या अंधारात साप, बिबट्या व विजेचा धक्का यांच्या भयाने होणारे हाल थांबतात. राज्यातील ४० लाखांहून अधिक शेतीपंपांच्या अनुदानाचा भारही हलका होऊ शकतो.

तथापि, वरील ऐतिहासिक क्रमात सौरपंप कोठे बसतो, हे पाहिले म्हणजे एक गंभीर प्रश्न समोर येतो. एकदा बसविल्यानंतर सौरपंपाला इंधन लागत नाही. पाण्याचा आणखी एक हिस्सा घेण्यास जादा खर्च येत नाही. या अर्थाने सौरपंप मोटेचा वा इंजिनाचा वारस नसून फडाच्या कालव्याचा वारस आहे. परंतु फडाबरोबर पंच, पाटकरी व पीकनिश्चिती आली होती, तर सौरपंप शेतकऱ्याला एकट्याला मिळतो. पंपाची क्षमता त्याच्या जमिनीवरून ठरते. विहिरीखालच्या खडकात पाणी किती आहे, यावरून ती ठरत नाही. दिवस मावळला की पंप थांबतो, ही निसर्गाने घातलेली एक मर्यादा खरी. पण दिवसा उपसलेले पाणी अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात साठविता येत असल्याने तीही पुरती परिणामकारक नाही.

कायदेशीर तरतुदी अस्तित्वात आहेत. कुसुम योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत भूजलाचा अतिउपसा झालेल्या क्षेत्रांसाठी निर्बंध आहेत. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला असून शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधन आहे. मात्र शेतात दूरवर असलेल्या विंधन विहिरीवर शासकीय यंत्रणेने रोज लक्ष ठेवणे अशक्य आहे. ते शेजारीच ठेवू शकतो, आणि तोही स्वतः त्या नियमाच्या निर्मितीत सहभागी असेल तरच.

सौर वाहिनी व स्वतंत्र सौरपंप यांतील भेद येथे विचारात घ्यावा लागतो. वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून संपूर्ण वाहिनीला दिवसा वीज दिली जाते. त्यामुळे पुरवठ्याचे तास, एकूण वापर व संभाव्य बचत यांची मोजणी सामूहिक पातळीवर शक्य होते. वाघाडमध्ये पाणी संस्थेच्या दाराशी मोजले गेले व आतील वाटप सभासदांवर सोपविले गेले, तसेच विजेच्या बाबतीत वाहिनीवरील शेतकऱ्यांच्या गटाशी करता येण्यासारखे आहे.

निष्कर्ष

१. नाशिक जिल्ह्याच्या सिंचन-इतिहासात पाण्याच्या वापरावर तीन प्रकारच्या मर्यादा आढळतात : शक्तीची, खर्चाची व नियमाची. मोटेला शक्तीची मर्यादा होती, तेलाच्या इंजिनाला खर्चाची व फडाला नियमाची.

२. ठोक आकारणीच्या वीजपंपाने पहिल्या दोन मर्यादा काढून टाकल्या व तिसरीची योजना केली नाही. भूजलावरील आजच्या ताणाचे एक प्रमुख कारण या रिक्ततेत आहे.

३. सौरपंप ऊर्जा स्वच्छ करतो, परंतु ही रिक्तता भरून काढत नाही. नियमाची जोड न मिळाल्यास तो तिचा विस्तार करण्याचीच शक्यता अधिक आहे.

४. फड पद्धती जशीच्या तशी पुनरुज्जीवित करणे शक्य नाही व इष्टही नाही. मात्र देणारा व घेणारा यांत अंतर, टंचाईत समान कपात आणि पिकाचा सामूहिक विचार ही तिची तत्त्वे वाघाडच्या संस्थांत आधुनिक कायद्याच्या चौकटीत काही अंशी उतरली आहेत. पाणी पंचायतीने त्यांना भूमिहीनांच्या हक्काची जोड दिली.

५. म्हणून सौरपंपांचे वाटप व वाहिन्यांचे सौरीकरण करताना पाणीवापर संस्था, ग्रामसभा किंवा विहीरधारकांचे गट यांना पाण्याच्या ताळेबंदाची जबाबदारी व अधिकार देणे आवश्यक ठरते.

मोसम-आरमच्या काठी काही गावांत आजही पाटकरी चारीवर पाणी सोडतो. त्याचे काम सौर पॅनेल करू शकत नाही. पाणी कोणाला, किती व केव्हा, हे गावाने मिळून ठरवावे लागते, आणि विहिरींच्या बाबतीत ते ठरविण्यास विलंब झाला तर उपसण्यासाठी ऊर्जा मुबलक असेल, परंतु पाणी उरलेले नसेल.